मोठे नाव दारात आले, म्हणून पहिल्याच रात्री पट्टा द्यावा का?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या एका मराठी वाचकाचे पत्र आले आहे. नोकरी सांभाळून ते एका छोट्या व्यावसायिक कुस्ती प्रमोशनचे, म्हणजे कुस्तीचे शो भरवणाऱ्या कंपनीचे, बुकिंग करतात, म्हणजे कोण कोणाशी लढणार, कोण जिंकणार आणि कथानक पुढे कसे सरकणार हे ठरवतात. ते लिहितात: ‘आमचा महिन्याला एक शो होतो, तीन-साडेतीनशे माणसे येतात. मालकांनी आता एका मोठ्या नावाला आठ शोंसाठी करारबद्ध केले आहे. वय ४४, टीव्हीवर अनेक वर्षे दिसलेला चेहरा, पण गुडघा नाजूक. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलेली २७ वर्षांची एक गुणी मुलगीही आमच्याकडे आली आहे. दोघांना एकाच रात्री आणावे आणि मोठ्या नावाने त्याच रात्री आमचा विजेतेपदाचा पट्टा जिंकावा, असे मालकांचे म्हणणे आहे. आमचा चॅम्पियन अगदी पहिल्या शोपासून आमच्याबरोबर आहे. “सांगाल ते करीन,” इतकेच तो म्हणाला आणि तेव्हापासून गप्प आहे. मी काय करावे?’

प्रिय वाचक,

पहिल्या रात्री पट्टा देऊ नका, आणि दोघांना एकाच रात्री आणू नका. मालकांना हे पटवून द्यावे लागेल, म्हणून कारणे जरा विस्ताराने लिहितो.

करार आठ शोंचा आहे. म्हणजे हा माणूस जाणार आहे आणि तो कधी जाणार हे तुम्हाला आजच ठाऊक आहे. तेव्हा आखणी शेवटाकडून सुरू करा. आठव्या शोला तो कोणाकडून हरणार आणि त्या पराभवाने तुमच्या घरचे कोण मोठे होणार, एवढे आधी ठरवले की पहिल्या रात्री काय करायचे याचा निम्मा गुंता सुटतो. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात एक नंबरची जोड, म्हणजे मुख्य कुस्तीतले दोन मल्ल, आधी लागते, पोस्टरवर तिचेच फोटो मोठे असतात आणि बाकीच्या कुस्त्या तिच्याभोवती बसवल्या जातात. तुमच्या धंद्यात निकाल आधीच ठरलेला असतो, हा फरक मूलभूत आहे. पण माणसे जोड बघायला येतात, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे. तुमच्या मालकांनी नाव विकत घेतले आहे, जोड अजून लावलेली नाही.

जोड लावण्यापूर्वी, लोक या माणसात नेमके काय बघायला येतात हे ओळखावे लागते, आणि इथेच मोठमोठ्या कंपन्यांची गफलत झालेली आहे. ब्रॉक लेस्नरचे उदाहरण घ्या. २००४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी सोडलेला हा मल्ल मधल्या काळात यूएफसी या खऱ्याखुऱ्या लढतींच्या स्पर्धेचा हेवीवेट विजेता झाला आणि एप्रिल २०१२ मध्ये परतला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, तुमच्या भागातल्याच रोझमाँटमध्ये, एक्स्ट्रीम रूल्सच्या शोमध्ये त्याने कंपनीचा आघाडीचा तारा जॉन सीना याला रक्तबंबाळ केले आणि तरीही सामना तो हरला. सामना थरारक झाला, याबद्दल वाद नाही. पण लेस्नरकडून लोकांना हवी होती ती दहशत, याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही ही भावना, आणि ती पहिल्याच लढतीत निम्मी झाली. ती पूर्ण भरून यायला २०१४ उजाडावे लागले, जेव्हा त्याने रेसलमेनिया या कंपनीच्या वर्षातील सर्वांत मोठ्या शोमध्ये अंडरटेकरची २१ विजयांची मालिका खंडित केली आणि ऑगस्टमध्ये समरस्लॅमला त्याच सीनाला १६ सुप्लेक्स, म्हणजे उचलून मागे आपटण्याचे डाव, मारून निष्प्रभ केले.

आता एजे स्टाइल्सकडे पाहा. २४ जानेवारी २०१६ रोजी ऑरलँडोमध्ये रॉयल रंबलला, म्हणजे मल्ल एकामागून एक आत येतात त्या सामन्यात, तो तिसऱ्या क्रमांकावर आत आला आणि समोर कंपनीचा आघाडीचा मल्ल रोमन रेन्स उभा होता. रंबल त्याने जिंकला नाही. रेसलमेनियात तो क्रिस जेरिकोकडून हरला. मे महिन्यात विजेतेपदासाठी रेन्सशी लागोपाठ दोन मोठ्या शोंमध्ये लढला आणि दोन्ही वेळा हरला. नुसत्या जय-पराजयाच्या तक्त्यावरून कोणी म्हणेल की नव्या माणसाची माती केली. पण स्टाइल्समध्ये लोकांना त्याचे कसब बघायचे होते, आणि प्रत्येक पराभव कंपनीतील वरच्या फळीच्या माणसाविरुद्ध, मोठ्या मंचावर, भरपूर वेळ देऊन झालेला होता. म्हणून हरत हरतच तो चढत गेला. ऑगस्टमध्ये समरस्लॅमला त्याने सीनाला निखळपणे पाडले आणि ११ सप्टेंबरला बॅकलॅशला डीन अँब्रोजकडून विजेतेपद घेतले. पट्टा मिळेपर्यंत साडेसात महिने गेले, तोपर्यंत तो त्याचा हक्काचा वाटू लागला होता.

तेव्हा तुमच्या ४४ वर्षांच्या पाहुण्याबद्दल मालकांशी बोलताना प्रश्न असा मांडा: हा दहशतीसाठी ओळखला जातो, कसबासाठी, बोलण्यासाठी, की केवळ आठवणींसाठी? दहशतीचा असेल तर पहिले तीन-चार शो कोणालाही त्याला हात लावू देऊ नका. कसबाचा असेल तर पराभवाची भीती बाळगण्याचे कारण नाही, फक्त प्रतिस्पर्धी तोलामोलाचा हवा. बोलण्याचा असेल तर माइक आधी द्या आणि कुस्ती नंतर. आठवणींचा असेल, आणि वय व गुडघा पाहता मला तीच शक्यता अधिक वाटते, तर स्टिंगच्या दोन खेळ्या समोर ठेवाव्यात असे मी सुचवीन.

स्टिंग हे डब्ल्यूसीडब्ल्यू या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीचे सर्वांत लाडके नाव. ती कंपनी २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे नाव) विकत घेतल्यानंतरही बरीच वर्षे तो त्यांच्याकडे गेला नव्हता. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो अखेर आला तेव्हा प्रेक्षागृह दणाणले. पुढच्या मार्चमध्ये रेसलमेनियाला त्याची पहिली लढत झाली ती ट्रिपल एचशी, आणि तीत तो हरला. ज्या माणसाची वाट लोकांनी इतकी वर्षे पाहिली त्याला पहिल्याच लढतीत हरवून कंपनीला काय मिळाले, हे मला आजवर उमगलेले नाही; ट्रिपल एचला त्या विजयाची काहीच गरज नव्हती. त्याच वर्षी सेथ रॉलिन्सशी लढताना स्टिंगला मानेची दुखापत झाली आणि त्याची कारकीर्द संपल्यासारखी वाटली. मात्र डिसेंबर २०२० मध्ये तो एईडब्ल्यू या नव्या प्रतिस्पर्धी कंपनीत आला आणि तिथे त्याला डार्बी ॲलिन या तरुण, अंगावर जोखीम घेणाऱ्या पोराबरोबर जोडीत ठेवले. धावपळ आणि पडझड बहुतेक ॲलिनने करायची, स्टिंगने नेमक्या क्षणी येऊन आपले ठेवणीतले डाव टाकायचे. वयाच्या मर्यादा झाकल्या गेल्या आणि ॲलिनला रोज दिग्गजाच्या शेजारी उभे राहायला मिळाले. एईडब्ल्यूमध्ये स्टिंग एकदाही हरला नाही. ३ मार्च २०२४ रोजी ग्रीन्सबरोमध्ये जोडीचा पट्टा राखूनच तो निवृत्त झाला. म्हणजे माणूस तोच होता, वयाने कितीतरी वाढलेला, आणि दुसऱ्या खेपेस त्याचे सोने झाले ते केवळ बुकिंगमुळे. तुमच्या पाहुण्याला मधल्या दोन-तीन शोंसाठी असाच एखादा घरचा तरुण जोडीदार द्या. गुडघ्याला विश्रांती मिळेल आणि त्या तरुणाला नाव.

पहिल्या रात्रीबद्दल आता. पदार्पणाने प्रेक्षकांच्या मनात एक प्रश्न पेरला पाहिजे. २७ मे १९९६ रोजी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो कार्यक्रमात एक साधीशी लढत चालू असताना स्कॉट हॉल प्रेक्षकांतून उठून रिंगमध्ये आला. अंगात डेनिम, हातात माइक, ना संगीत ना आतषबाजी. तो अगदी कालपरवापर्यंत प्रतिस्पर्धी कंपनीत रेझर रेमन या नावाने लढत होता, हे बघणाऱ्यांना माहीत होते. तो इथे का आला, कोणी पाठवला, बरोबर आणखी कोण आहे, हे काहीच उघड केले नाही. पुढे केविन नॅश आला, आणि तिसरा माणूस कोण हा प्रश्न ७ जुलैपर्यंत ताणून धरला गेला, जेव्हा डेटोना बीचला हल्क होगन त्यांना जाऊन मिळाला. सहा आठवडे कंपनीने एकाच प्रश्नावर लोकांना खिळवून ठेवले.

आणि त्याच कंपनीने दीड वर्षानंतर ब्रेट हार्टचे काय केले ते पाहा. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियलमध्ये त्याच्या तेव्हाच्या कंपनीच्या, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, मालकाने त्याला अंधारात ठेवून सामन्याचा ठरलेला शेवट बदलला होता. त्या घटनेने साऱ्या कुस्तीविश्वाची सहानुभूती त्याच्या बाजूला आलेली होती. असा माणूस आयता हाती आल्यावर, २८ डिसेंबरच्या स्टारकेड या वर्षातील सर्वांत मोठ्या शोला, डब्ल्यूसीडब्ल्यूने त्याला एका दुय्यम लढतीचा पाहुणा पंच केले. नंतर होगन आणि स्टिंग यांच्या मुख्य लढतीत पंचाने घाईने तीनपर्यंत मोजले असा आक्षेप घेत त्याने मध्ये यायचे होते, पण प्रत्यक्षात पंच निक पॅट्रिकने नेहमीच्या वेगाने मोजले आणि हार्टचा आक्षेपच अनाकलनीय झाला. लोकांच्या मनात प्रश्न तयारच होता, की आता हा सूड कसा उगवणार. कंपनीने त्याला दुसऱ्यांच्या भांडणात उभे केले. डब्ल्यूसीडब्ल्यूचा मुख्य पट्टा हार्टच्या कमरेला लागायला नोव्हेंबर १९९९ उजाडले, आणि तोवर ती सहानुभूती विरून गेली होती.

टीव्हीवर पहिल्या रात्री नुसते दर्शन देऊन भागते. तुमच्या सभागृहात भागणार नाही, कारण लोकांनी त्याचे नाव वाचून तिकीट काढलेले असेल आणि त्याला लढताना पाहणे हा त्यांचा हक्क आहे. म्हणून त्याची आठ-दहा मिनिटांची लढत ठेवा, तुमच्या मधल्या फळीतल्या सर्वांत भरवशाच्या गड्याशी, जो त्याचा गुडघा सांभाळून त्याला चांगला दाखवील. पाहुण्याने ती निखळपणे जिंकावी. त्यानंतर तुमचा चॅम्पियन पट्टा खांद्यावर घेऊन यावा. त्याने हात मिळवावा किंवा मिळवू नये, ते दोघांच्या स्वभावावर ठरवा, पण त्या रात्री हाणामारी होऊ देऊ नका. लोक घरी जाताना या दोघांत कोण भारी याची चर्चा करत गेले, की तुमचे काम झाले.

त्या प्रश्नाचे उत्तर कसे लांबवावे आणि शेवटी कसे द्यावे, याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना म्हणजे ब्रायन डॅनियलसनचे एईडब्ल्यूमधील पहिले चार महिने. ५ सप्टेंबर २०२१ रोजी हॉफमन इस्टेट्सला, तेही तुमच्या शेजारीच, तो आला. २२ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश स्टेडियममध्ये त्याची चॅम्पियन केनी ओमेगाशी पट्टा पणाला न लावता लढत झाली आणि ३० मिनिटांची वेळ संपल्याने ती बरोबरीत सुटली. आपल्या मैदानात बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवर लोक नाराज होतात. तिथे मात्र ओमेगाची पत राहिली, नवा माणूस त्याच तोलाचा आहे हे सिद्ध झाले आणि निकाली लढतीची भूक वाढली. नोव्हेंबरमध्ये ॲडम पेज या कंपनीनेच घडवलेल्या मल्लाने ओमेगाकडून पट्टा जिंकला. मग डॅनियलसनने खलनायकी रंग धारण करून पेजला आव्हान दिले. १५ डिसेंबरला दोघे पूर्ण एक तास लढून बरोबरीत राहिले, आणि ५ जानेवारी २०२२ रोजी नेवार्कमध्ये पेजने त्याला निकाली हरवले. डॅनियलसनचे यात तसूभरही नुकसान झाले नाही. पेजकडे मात्र तेव्हापासून खरा विजेता म्हणून पाहिले जाऊ लागले.

तुमच्या आठ शोंना हा साचा जवळजवळ जसाच्या तसा बसतो. चौथ्या शोला चॅम्पियन आणि पाहुणा यांची वीस मिनिटांची मर्यादा असलेली लढत ठेवून ती बरोबरीत सोडवा. वीस मिनिटेही त्या गुडघ्याला जड वाटत असतील तर पंधरा ठेवा. मर्यादा आधी जाहीर केलेली असली म्हणजे फसवणूक वाटत नाही. सहाव्याला पाहुण्याने कुरापत काढून चॅम्पियनला जखमी झाल्याचे दाखवावे, आणि आठव्याला चॅम्पियनने त्याला भर रिंगमध्ये, कोणाचाही हस्तक्षेप न होता, तीनच्या मोजणीपर्यंत पाडावे. शेवट निखळ हवा, हे मी आग्रहाने सांगतो. डिसेंबर १९९८ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच्या गोल्डबर्गची प्रदीर्घ विजयमालिका संपली ती रिंगबाहेरून मारलेल्या विजेच्या झटक्याने, आणि जिंकला तो केविन नॅश, जो आधीच शिखरावर होता. तो विजय एखाद्या तरुणाला मिळाला असता तर कंपनीला दुसरा तारा लाभला असता.

मालक म्हणतील, पट्टा दिला नाही तर एवढे पैसे कशासाठी मोजले? त्यांना दाखवून द्या की पट्टा पाहुण्याकडे गेल्यास तो ज्या महिन्यात येणार नाही त्या महिन्यात तुमच्या पोस्टरवर चॅम्पियनच नसेल. शिवाय ४४ वर्षांच्या शरीरावर पट्ट्याचा भार टाकणे जोखमीचे असते. सीएम पंकने २९ मे २०२२ रोजी एईडब्ल्यूचा मुख्य पट्टा जिंकला आणि काही दिवसांतच पायाला इजा झाल्याने तो बाहेर बसला. कंपनीला हंगामी विजेता नेमावा लागला. त्यांच्याकडे नेमण्याजोगी माणसे होती. तुमच्याकडे तेवढी आहेत का?

त्या मुलीला तिसऱ्या शोला आणा. एकाच रात्री दोघे आले तर दुसऱ्या दिवशी लोक एकाबद्दलच बोलतील, आणि तो एक म्हणजे ती मुलगी नसेल. खरे तर दीर्घकाळ तुमच्याजवळ राहण्याची शक्यता तिचीच अधिक आहे, म्हणून तिच्यावर जास्त विचार खर्च करा. तिचे नाव आधी जाहीर न करता एक चिन्ह किंवा एक तारीख दोन महिने दाखवत राहा. ऑगस्ट १९९९ पूर्वी काही आठवडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पडद्यावर एक घड्याळ उलटे मोजत होते, आणि द रॉक हा मल्ल बोलत असतानाच ते शून्यावर आले तेव्हा क्रिस जेरिको प्रकटला. पाहुण्याच्या बाबतीत मात्र लपवाछपवी करू नका. पंकचे नाव अधिकृतपणे न सांगताही ऑगस्ट २०२१ मध्ये शिकागोचे युनायटेड सेंटर भरले, कारण तो येणार याची कुणकुण साऱ्या देशाला लागलेली होती. तुमच्या शोची अशी कुणकुण लागत नाही. नाव मोठ्या अक्षरांत छापा.

तुमच्या गप्प झालेल्या चॅम्पियनकडे आता वळतो. तो रुसला आहे असे समजू नका. इतकी वर्षे राबून आपण पायरीचा दगड ठरलो, एवढेच त्याने मालकांच्या योजनेतून ऐकले आहे. त्याला समोर बसवा आणि आठव्या शोपासून मागे मागे येत सगळा आराखडा सांगा. चौथ्या शोची बरोबरी कशी रचायची यावर त्याचे मत घ्या, कारण तुमच्या प्रेक्षकांचा श्वास कुठे अडकतो हे पाहुण्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक आहे. पाहुण्यालाही शेवटचा पराभव आजच सांगा, शक्य असेल तर लेखी घ्या. हल्क होगनच्या डब्ल्यूसीडब्ल्यू करारात स्वतःच्या कथानकावर त्याचा अधिकार राखणारे कलम होते, आणि त्याला हरवून कोणाला मोठे करायचे म्हटले की प्रत्येक वेळी त्याची संमती लागायची. पहिले पोस्टर छापून झाल्यावर वाटाघाटींत तुमची बाजू लंगडी पडेल.

एक तयारी आणखी ठेवा. २००६ मध्ये आपला द ग्रेट खली मे महिन्यात अंडरटेकरला हरवून एकदम वर आला, आणि जुलैमध्ये पंजाबी प्रिझन हा बांबूच्या पिंजऱ्यातला सामना खास त्याच्यासाठी म्हणून उभारला गेला. ऐन वेळी वैद्यकीय कारणाने खलीला लढता आले नाही आणि त्याच्या जागी बिग शो आत गेला. तुमच्याकडे ऐन वेळी बोलवायला बिग शो नाही. म्हणून प्रत्येक शोसाठी पाहुणा नसताना कोणती जोड लागेल ते आजच लिहून मालकांकडे द्या, आणि त्या दुसऱ्या यादीत आठव्या शोला तुमच्या चॅम्पियनसमोर त्या मधल्या शोंमध्ये पाहुण्याच्या जोडीने लढलेल्या तरुणाचे नाव ठेवा.